गहाण पडलेल्या मुलखाची शीव

मराठी भाषेने सीमेसाठी किती शब्द घडवले आहेत, हे एकदा मोजून पाहण्याजोगे आहे. शेताला बांध असतो, गावाला शीव असते, वस्तीला वेस असते आणि राज्याला सरहद्द असते. बांधावरून भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात, शिवेवर शेंदूर फासलेले दैवत बसते, घरातली भानगड वेशीला टांगली जाते आणि समाजाला जो नकोसा झाला तो हद्दपार होतो. दसऱ्याच्या दिवशी मात्र हाच समाज सीमोल्लंघनाला वाजतगाजत निघतो. आपल्या पूर्वजांच्या लेखी सीमा ही पाळण्याची, प्रसंगी भांडण्याची आणि वेळ आली की रीतसर ओलांडण्याची गोष्ट होती. गावाची शीव गावातल्या पोरालाही ठाऊक असे, कारण ती गावानेच घातलेली असे.

तहनाम्यातून जन्मलेली सीमा निराळी. ती दूरच्या दिवाणखान्यात ठरते आणि ज्यांच्या शेतातून ती जाते त्यांना ती सर्वांत शेवटी कळते. भारताची फाळणी करणारी रेघ रॅडक्लिफसाहेबांनी १९४७ च्या उन्हाळ्यात जेमतेम पाच आठवड्यांत आखली. त्या रेघेची आठवण जपण्यासाठी अमृतसरच्या जुन्या टाऊन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचे संग्रहालय उघडण्यात आले. तेथे नकाशे आणि सरकारी कागद आहेतच. परंतु ज्यांचा बोलबाला झाला त्या दोन वस्तू अगदी साध्या आहेत. एक फुलकारीचे जाकीट आणि एक कातडी बॅग. जाकीट एका वाग्दत्त वधूचे, बॅग तिच्या नियोजित वराची. लोंढ्यात दोघांची ताटातूट झाली आणि अमृतसरच्या निर्वासित छावणीत, अन्नासाठी लागलेल्या रांगेत, त्यांची पुन्हा गाठ पडली. सीमेचा इतिहास कसा सांगावा याचा धडाच त्या दोन वस्तूंत आहे. सीमा आखणाऱ्यांची नावे पुस्तकांत राहतात. सीमा सोसणाऱ्यांची आठवण त्यांच्या ट्रंकेत राहते.

असे प्रदर्शन मांडण्यासाठी पंजाबलाच जावे लागेल, असे नाही. महाराष्ट्राच्या मध्यावर वसलेला, समुद्रापासून आणि परदेशांपासून सारखाच दूर असलेला बुलढाणा जिल्हा घ्या. या जिल्ह्याच्या दक्षिणेला आज जालना जिल्हा लागतो. दोन्हीकडे एकच भाषा, एकच ज्वारी, एकच कपाशी आणि एकच सोयरसंबंध. तरीही १८५३ पासून १९४८ पर्यंत, जवळजवळ शंभर वर्षे, या दोहोंमध्ये एक राजकीय सरहद्द होती. ती धर्मातून जन्मली नव्हती, भाषेतून नव्हती, लढाईतूनही नव्हती. ती एका कर्जातून जन्मली होती. कर्ज ज्यांनी काढले त्यांच्या गाद्या गेल्या, ज्यांनी दिले त्यांचे साम्राज्य गेले. पण त्या कर्जाचे व्याज सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची साधी माणसे आजतागायत फेडीत आहेत. हेच आम्हाला या लेखात दाखवायचे आहे.

दुअंमल

या भूमीला सीमांचे वावडे कधीच नव्हते. वऱ्हाडची इमादशाही १४९० च्या सुमारास बहामनी राज्यातून फुटून निघाली आणि १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. पुढे १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड अकबराच्या हवाली करावे लागले. ज्या सिंदखेडला लखुजी जाधवरावांच्या घरी १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला, ते सिंदखेड अशा तीन-चार सत्तांच्या ओढाताणीच्या तोंडावरच वसलेले होते. लखुजी कधी निजामशाहीत तर कधी मोगलांकडे गेले आणि १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी मारले गेले. सरहद्दीवरच्या सरदाराच्या नशिबी जे असते ते जिजाबाईंनी माहेरी पाहिले होते.

त्याच परिसरात, साखरखेर्डा येथे, १७२४ च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. त्या विजयावरून गावाला फत्तेखेर्डा हे नाव पडले. हैदराबादचे आसफजाही राज्य खऱ्या अर्थाने उभे राहिले ते या लढाईनंतर. पुढे दोन शतके हैदराबादच्या गादीने वऱ्हाडावरचा हक्क का सोडला नाही, याचे एक मूळ येथे सापडते. ज्या मातीत राज्य मिळाले ती माती आपली नाही असे कोणता राजा म्हणेल?

अठराव्या शतकात वऱ्हाडात जी व्यवस्था चालली तिला लोक दुअंमल म्हणत. निजामाचा अंमल होता आणि नागपूरकर भोसल्यांचाही होता. वसुलाची वाटणी व्हायची. ठिकठिकाणी साठ-चाळीस असे तिचे प्रमाण असे. म्हणजे सीमा तेव्हा जमिनीवरून जात नव्हती. ती खळ्यातल्या धान्याच्या राशीतून जात होती. कुणब्याने एकाच राशीपुढे दोन मालकांना हात जोडायचे. १८०३ साली असई, अडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर भोसल्यांनी देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला आणि तो निजामाकडे आला. दुअंमल संपला, परंतु वऱ्हाड आणि आजचा मराठवाडा यांच्यामध्ये तेव्हाही सरहद्द नव्हती. मेहकरचा माणूस आणि जालन्याचा माणूस एकाच राजाची रयत होते.

कर्जाची रेघ

सरहद्द पडली ती फौजेच्या पगारापायी. हैदराबाद कंटिंजंट नावाची एक फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निजामाच्या राज्यात ठेवलेली होती. हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाचा, असा तो मामला होता. पगार थकले, थकलेले पगार कंपनी सरकारने भरले आणि त्यांचे कर्ज झाले. चाळीस लाखांच्या वर गेलेल्या या कर्जाचा तगादा डलहौसीच्या काळात शिगेला पोहोचला. २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख फौजेच्या खर्चासाठी आणि कर्जापोटी इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आले. १८६० मध्ये तह सुधारला. १८५७ च्या धामधुमीत निजामाने दाखवलेल्या निष्ठेबद्दल पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही.

ते का मिळाले नाही याचे उत्तर वऱ्हाडच्या काळ्या मातीत आहे. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण उगीच पडलेली नाही. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे खामगावकडे लागले. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा लोहमार्ग उघडण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरून त्या बाजाराचे मोल कळावे. असा मुलूख गहाणवटीतून कोण सोडील? निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, १८७६ साली ते विलायतेसही जाऊन आले. उपयोग झाला नाही. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने लॉर्ड कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. मोबदला वर्षाला पंचवीस लाख रुपये. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडण्यात आले. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले आणि जिल्ह्याला त्याचे आजचे रूप मिळाले.

या साऱ्या व्यवहारात एक विलक्षण गोष्ट राहून गेली. वऱ्हाडावरचे निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री कायम राहिले. बुलढाण्यातली कचेरी इंग्रजांची, कायदा इंग्रजांचा, नाणे इंग्रजांचे. परंतु भूमी निजामाची. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते परमुलखातील अधिकाराच्या तरतुदीखाली वेगळे लागू करावे लागत. १९३६ च्या ऑक्टोबरात झालेल्या करारानंतर निजाम स्वतःला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ म्हणवू लागला आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. चिखलीचा शेतकरी नेमका कोणाची प्रजा, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर वकिलालाही क्षणभर थांबावे लागले असते. त्या शेतकऱ्याला मात्र तो प्रश्न कोणीच विचारला नाही, १८५३ मध्येही नाही आणि १९०२ मध्येही नाही.

रेघेच्या अलीकडे-पलीकडे

आता ही सरहद्द जगताना कशी होती, ते पाहू. प्रदर्शनाच्या काचेच्या कपाटात मांडाव्यात अशा वस्तू येथून सुरू होतात.

पहिली वस्तू नाणे. वऱ्हाडात कलदार रुपया चाले, पलीकडे निजामाचा हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. देऊळगाव राजाहून जालन्याच्या बाजाराला निघालेल्या माणसाला धोतराच्या कनवटीला दोन राज्यांचे पैसे बांधून जावे लागे, आणि सराफाच्या दुकानात प्रत्येक बदलाला काहीतरी झीज सोसावी लागे. हाली सिक्का राज्य गेल्यावरही १९५९ पर्यंत चलनात रेंगाळला.

दुसरी वस्तू जकातीची पावती. निजामाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. हद्दीतून जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर साधारण शेकडा पाच या दराने ती घेतली जाई. देऊळगाव राजा किंवा सिंदखेड या गावांना बुलढाण्यापेक्षा जालना कितीतरी जवळ. जवळचा बाजार परमुलखात आणि दूरची कचेरी आपल्या मुलखात, अशी त्यांची गत झाली.

तिसरी वस्तू दिनदर्शिका. हैदराबाद राज्याच्या कारभारात फसली सन चालत असे. त्याच्यात आणि इसवी सनात पाचशे नव्वद-एक्याण्णव वर्षांचे अंतर. एकाच मामाच्या दोन भाच्यांपैकी अलीकडच्याचा जन्म १९४० साली झाला आणि पलीकडच्याचा १३५० फसलीत, असे कागद सांगत. ते दोघे एकाच आठवड्यात जन्मलेले का असेनात!

चौथी वस्तू, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे शाळेची पाटी. वऱ्हाडात प्राथमिक शिक्षण मराठीतून मिळे. पलीकडे १८८० च्या दशकात राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली; १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ ही त्या काळी थोर गोष्ट होती, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ती भाषा मराठवाड्यातील कुणब्याच्या पोराची नव्हती. त्याला घरी एक आणि कचेरीत दुसरी भाषा बोलावी लागे. जमिनीचेही तसेच. वऱ्हाडात १८६१ पासून मुंबईच्या धर्तीवर मोजणी आणि रयतवारी आली. पलीकडे जहागिरी, पायगा आणि निजामाच्या खाजगीकडचा सर्फेखास असा मोठा मुलूख १९४९ पर्यंत तसाच राहिला. शिवार तेच, नांगर तोच. पण एकाच्या नावाने सातबाऱ्यासारखा कागद, तर दुसऱ्याचे सारे जहागीरदाराच्या मर्जीवर.

सार्वजनिक जीवनावरही हीच रेघ पडली. १९२९ साली निजाम सरकारने गश्ती निशाण ५३ हा हुकूम काढला आणि परवानगीवाचून सभा घेणे अशक्य केले. हैदराबाद संस्थानातील लोकांची राजकीय परिषद संस्थानाबाहेरच भरे: १९२३ मध्ये काकीनाड्याला, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला. स्वतःच्या घरातले दुःख बोलण्यासाठी शेजाऱ्याच्या ओट्यावर येऊन बसावे, तसे मराठवाडा वऱ्हाडात येऊन बोलला. सरहद्द माणसांना अडवते हे खरे. पण अडलेल्याला तिच्याच पलीकडे आडोसाही मिळतो, हे नोंदवले नाही तर चित्र अपुरे राहील.

उत्तरेची काटेरी भिंत

जिल्ह्याच्या उत्तरेलाही एका सीमेची कथा आहे आणि ती तर अक्षरशः काट्यांची आहे. जळगाव जामोदच्या मागे सातपुडा उभा आहे. त्याच्या पलीकडे बऱ्हाणपूर. इंग्रजी अमलात मिठावरचा कर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळा होता. उत्तरेत भारी आणि मुंबई-मद्रासकडे त्या मानाने हलका. स्वस्त मीठ महाग मुलखात शिरू नये म्हणून सरकारने देशाच्या पोटातून एक जकातरेषा ओढली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्याला होती. सिंधूकाठच्या लय्यापासून बऱ्हाणपूरपर्यंतच्या टप्प्यात या रेषेवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचे कुंपण वाढवण्यात आले. ज्यांनी हे कुंपण जोमाने वाढवले ते जकात आयुक्त अॅलन ह्यूम. हेच गृहस्थ पुढे १८८५ साली राष्ट्रसभेच्या संस्थापकांत अग्रभागी होते. १८७९ साली ही रेषा बंद झाली आणि कुंपणाची जागा शेतांनी व रस्त्यांनी खाल्ली. १२,००० माणसे ज्या भिंतीवर राबली तिची आठवणही पुढच्या पिढ्यांना उरली नाही.

याच पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या विहिरींना खारे पाणी लागते. त्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. निसर्गाने पाण्यातच मीठ घातले आणि सरकारने त्या मिठावर पहारा बसवला. म्हणूनच १९३० च्या एप्रिलमध्ये, समुद्र शेकडो मैल दूर असताना, अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून वऱ्हाडाने मिठाचा सत्याग्रह केला. आमच्या प्रदर्शनात मूठभर मीठ ठेवले, तर ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी वस्तू ठरेल.

ख्रिस्तसभेच्या शिवा

राज्यांच्या शिवा अशा हलत असताना ख्रिस्तसभेच्या शिवा कोठे होत्या? आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हा प्रश्न जवळचा वाटावा. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि बिशप अॅलेक्सिस रिकाज त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले. मध्यप्रांत आणि वऱ्हाड तर त्यात होतेच. परंतु निजामाच्या राज्यातील औरंगाबादकडचा मराठी मुलूखही त्याच धर्मप्रांताच्या मिशनरींच्या हाती होता. संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे फादर गुरियन जाकिये हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात औरंगाबाद जिल्ह्यात आले आणि घोगरगावच्या परिसरात त्यांनी आयुष्य वेचले. ज्या सरहद्दीवर कापसाच्या गाडीला थांबून जकात द्यावी लागे, ती सरहद्द या धर्मप्रांताच्या नकाशावर नव्हतीच. मराठीतून प्रार्थना करणारी माणसे एकत्र असावीत, ही सोय राज्यकर्त्यांच्या आधी ख्रिस्तसभेच्या वाट्याला आली. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत झाला, १९७७ साली त्यातून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. या विभागण्या कामाच्या सोयीच्या होत्या. त्यांच्यामुळे कोणाच्या स्नानसंस्काराला करोडगिरी भरावी लागली नाही.

यावरून आपली पाठ थोपटून घेण्याचे मात्र कारण नाही. वऱ्हाडच्या दुअंमलासारखा दुअंमल आपल्याकडेही होता. मुंबईत १७९४ पासून पोर्तुगीज पाद्रुआदो आणि रोमची प्रोपगांडा अशा दोन अधिकारसत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या. काही चर्चे एका बिशपांची, काही दुसऱ्या बिशपांची. एकाच गल्लीतली दोन कुटुंबे दोन वेगवेगळ्या धर्माध्यक्षांना मानीत आणि त्यातून आलेला दुरावा लग्नकार्यांपर्यंत पोचे. १९२८ साली ही दुहेरी व्यवस्था संपली. त्यानंतर पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप आळीपाळीने नेमण्याची तडजोड १९५० पर्यंत चालली. ज्या समाजाला एका श्रद्धेच्या आतही अशी रेघ सोसावी लागली, त्याला सिंदखेड-जालन्याची गोष्ट परकी वाटू नये.

१९४८

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी बुलढाण्यात तिरंगा फडकला. पलीकडे निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनसुबा धरला होता. शंभर वर्षांची ती जिल्ह्यांमधली हद्द एका रात्रीत दोन देशांमधल्या सरहद्दीसारखी वागू लागली. रझाकारांच्या अत्याचारांमुळे त्या वर्षभरात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे वऱ्हाड, खानदेश, नगर आणि सोलापूरकडे आश्रयाला आली. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीलगत ठिकठिकाणी छावण्या उभारल्या. आलेल्यांना नातलगांनी सामावून घेतले. रोटीबेटीचा जो धागा तहनाम्यांना तोडता आला नव्हता तो येथे उपयोगी पडला.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद भारतात आले. मराठवाडा हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या पुस्तकातली पुढची पानेही वाचली पाहिजेत. कारवाईनंतरच्या आठवड्यांत अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची चौकशी केली आणि मृतांचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. २०१३ साली तो वाचायला मिळू लागला. रझाकारांच्या भयाने अलीकडे पळून आलेली मराठी आई आणि सूडाच्या भयाने घर सोडणारी उर्दू बोलणारी आई या दोघींच्या कडेवरच्या मुलांनी कोणताच तह केलेला नव्हता. सीमांचे प्रदर्शन प्रामाणिक असेल तर त्यात दोघींच्या गाठोड्यांना एकाच कपाटात जागा मिळेल.

पुसलेली रेघ आणि उरलेले वळ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा हे दोन्ही भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आहेत. करोडगिरीची नाकी गेली, फसली सन गेला. सरहद्द राहिली ती जिल्ह्याच्या पाटीपुरती. तरीही तिचे वळ ज्याला पाहायचे त्याला दिसतात.

खामगावला रेल्वे १८७० साली आली. जालन्याला निजामाची गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास आली. दोन्ही बाजारपेठा, दोन्ही कापसाच्या. मधले अंतर सुमारे १६० किलोमीटर. एक रूळ इंग्रजी मुलखाच्या टोकाला थांबला आणि दुसरा निजामाच्या. जालना-खामगाव मार्गाची मागणी इंग्रजी अमलापासूनची आहे. पाहण्या झाल्या, आश्वासने झाली. रूळ अजून पडायचे आहेत. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार येथील माणूस आजही रेल्वे पाहण्यासाठी जिल्ह्याचे एक टोक किंवा परजिल्हा गाठतो. १८५३ च्या रेघेचा याहून ठळक पुरावा दुसरा नसावा.

दुसरा वळ कागदांचा आहे आणि तो आज दुखतो आहे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच कुळातली, एकाच आडनावाची शेतकरी घराणी आहेत. वऱ्हाडच्या जुन्या महसुली आणि शाळेच्या दप्तरांत अशा घराण्यांच्या नावापुढे ‘कुणबी’ ही नोंद सर्रास आढळते; मराठवाड्यातील कुटुंबांपाशी तशी नोंद क्वचितच निघते, कारण तेथील दप्तर वेगळ्या सरकारने, वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या पद्धतीने ठेवले होते. २०२३ साली जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथून जे आंदोलन उसळले त्यानंतर निजामकाळातील कागद तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे नोंदी देण्यासंबंधीचा शासननिर्णय निघाला. त्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध निवाडा देण्याचे हे स्थळ नव्हे. त्यावर अन्य समाजांच्या हरकतीही आहेत आणि त्या ऐकल्या गेल्या पाहिजेत. आम्हाला येथे एवढेच दाखवायचे आहे की, दोन मावसभावांपैकी एकाला कागद मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही, याचे कारण त्यांच्या कर्तृत्वात नाही, रक्तातही नाही. ते एका फौजेच्या थकलेल्या पगारात आहे.

मागासलेपणाचा अनुशेष मोजण्यासाठी नेमलेल्या समित्या, १९९४ साली स्थापन झालेली आणि २०२० साली मुदत संपलेली वैधानिक विकास मंडळे, ही सारी त्याच वळांवर केलेली मलमपट्टी होय. विदर्भ आणि मराठवाडा आपापसांत अनुशेषाचे आकडे मांडतात तेव्हा हे दोघे एकाच कर्जखात्याचे वारस आहेत, हे दोघांनीही विसरू नये.

याच भूमीत रेघ न मानणाऱ्या वाटाही आहेत. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी विदर्भातून निघते आणि मराठवाडा तुडवीत पंढरपूरला पोचते. पिंपळगाव सराईच्या सैलानीबाबांच्या यात्रेला दोन्ही बाजूंचे हिंदू आणि मुसलमान लोटतात. देऊळगाव राजाच्या बालाजीला जालन्याकडचे भाविक येतात. सरकारांना जे साधायला एक शतक लागले, ते या पायवाटांनी कधी सोडलेच नव्हते.

तेव्हा असे प्रदर्शन कोणी भरवावे? नागपूरच्या अजब बंगल्याने, विद्यापीठांनी, शासनाने भरवावे, हे आहेच. पण या प्रदर्शनातील वस्तू सरकारच्या तिजोरीत नाहीत, त्या आपल्या घरांत आहेत. बुलढाणा, जालना, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि अकोल्याच्या परिसरातील आपल्या धर्मग्रामांतही अशी घरे आहेत, जेथे आजीच्या पेटीत एखादा हाली रुपया आहे, आजोबांचा उर्दूत लिहिलेला शाळेचा दाखला आहे, फसली सनाचा जमिनीचा कागद आहे. कित्येक घरांत तो कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत जातो. चर्चच्या कपाटांतल्या स्नानसंस्काराच्या आणि लग्नाच्या जुन्या वह्यांचेही तेच. सून कोणत्या गावची, जावई कोणत्या मुलखातला, दुष्काळात कोणते कुटुंब कोठून आले, याची साधी नोंद ज्या वहीत आहे ती वही सरहद्दीच्या इतिहासाचे अव्वल साधन आहे. ती वाळवीच्या तोंडी जाऊ देणे हे आपल्याच माणसांना दुसऱ्यांदा हद्दपार करणे होय.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. येत्या सणाला गावच्या घरी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक उतरवा. घरातले वडीलधारे आहेत तोवर त्यांना विचारून प्रत्येक कागदामागे पेन्सिलीने दोन ओळी लिहून ठेवा: हा कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या सालचा. उर्दू वा मोडी वाचणारे जाणकार अजून भेटतात. त्यांच्याकडून तो वाचून घ्या. आपल्या धर्मगुरूंशी बोलून जुन्या वह्यांच्या छायाप्रती काढून ठेवा. प्रदर्शन आज भरले नाही तरी चालेल. ज्या दिवशी कोणी ते भरवायला उठेल, त्या दिवशी मांडायला आपल्यापाशी काही असले पाहिजे.